पत्नीच्या रकान्यातलं नाव

राजधानी तालिनच्या ट्रामथांब्यावर बोचऱ्या वाऱ्यात एक उंच माणूस हातातला कागद बघत फ्रेंच पुटपुटत होता. पिरेत शाळेत फ्रेंच शिकवायची. तिला राहवेना.

"माफ करा हं... पण या वाक्यात तुम्ही स्वतःला बाई करून टाकलंय!"

तो कानांपर्यंत लाल झाला. "बापरे! उद्या पाहुण्या मंत्र्यांसमोर हेच म्हणणार होतो."

इंद्रेक वाहेर त्याचं नाव. कालपरवापर्यंत दगड तपासणारा भूगर्भशास्त्रज्ञ. देश स्वतंत्र होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. वकिलाती उघडायच्या होत्या, पण माणसंच नव्हती, म्हणून परराष्ट्र मंत्रालयानं यालाच उचललं होतं. हा पुढं राजदूत होईल, संसदेत निवडून येईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर पिरेतनं त्यालाच वेड्यात काढलं असतं.

"मला शिकवाल?"

"माझे विद्यार्थी मला घाबरतात."

"मी आत्ताच घाबरलोय..."

मग दर मंगळवारी, मंत्रालयाच्या गारढोण खोलीत, अंगात कोट तसेच ठेवून शिकवणी सुरू झाली. काळा पाव, त्यावर खारवलेली मासळी, बिनसाखरेचा चहा. तो चुकायचा, ती रागवायची. हल्ली तो मुद्दाम चुकतो, हे तिला कळत होतं... तरीही ती रागवायची.

मे महिन्यात कार्यालयातल्या हेल्वेबाईंनी तिला जिन्यात गाठलं.

"पिरेत, दोन फोटो दे गं. पासपोर्टाला."

"माझे? कशाला?"

"सोमवारी पॅरिसच्या वकिलातीत निघालाय ना इंद्रेक! अर्जात पत्नी म्हणून तुझं नाव आहे. लबाडांनो, लग्न उरकलंत आणि आम्हाला केकचा तुकडासुद्धा नाही?"

पिरेतच्या पायाखालची जमीनच सरकली. हेल्वेबाईंनी पुढं केलेल्या अर्जावर त्याच्याच तिरक्या अक्षरात होतं — पिरेत लाउर. ती अर्ज घेऊन तरातरा त्याच्या खोलीत शिरली.

"वाहेरसाहेब, माझं लग्न कधी झालं?"

त्याच्या हातातलं पेन गळून पडलं. "तो अर्ज... गेला पण?"

"मला विचारायचं राहूनच गेलं वाटतं!"

"रोज विचारणार होतो. पण तुम्ही नाही म्हणालात, तर मंगळवारही जाईल... काल तो रकाना समोर आला आणि हातानं आपोआप लिहिलं. आज खोडणार होतो, शपथ!"

"मग खोडा. आत्ता."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पेन उचलून त्यानं सावकाश रेघ ओढली. आपल्या नावावरून ती रेघ जाताना पिरेतच्या छातीत अशी कळ उठली, की तीच हबकली. अर्ज पाहूनसुद्धा ती एवढी हादरली नव्हती.

"आता विचार," ती म्हणाली.

'विचारा' नाही... 'विचार'. दोघांनाही ते ऐकू आलं.

तो उठून उभा राहिला. देशाच्या वतीनं बोलायला निघालेल्या माणसानं आधी कोटाचं बटण लावलं.

"पिरेत... येशील माझ्याबरोबर?"

"सोमवारी नाही जमायचं. तीस मुलांच्या परीक्षा आहेत. जूनमध्ये लग्न, मग पॅरिस. आणि आईशी तू बोलायचंस. मी नाही!"

तो मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे... तू हो म्हणालीस?"

पिरेतचे डोळे विस्फारले. हात तोंडाशी गेला.

"अगंबाई..." ती पुटपुटली, "म्हणाले की!"