सहावा कप्पा

शनवारा चौकाजवळ एका औषध दुकानाच्या माडीवर मी आणि नंदकुमार शाळकरी मुलांसाठी खेळ बनवत होतो. विषय पोटातले जंत. टॅबलेटवर मूल आतड्याच्या एकेका कप्प्यातून पुढे जातं, स्वच्छतेचे प्रश्न सोडवतं, जंत पळतात. कोड माझा, चित्रं नंदकुमारची. खेळ फुकट आणि खुला. कुणीही उतरवून घ्यावा, हवा तसा बदलावा. दर शुक्रवारी नवी आवृत्ती घेऊन आम्ही दापोऱ्याच्या शाळेत, सुलभा मॅडमच्या चौथीच्या वर्गात जायचो. मुलं कुठे अडतात ते बघायचं आणि आठवडाभरात दुरुस्त करायचं.

तिसऱ्या शुक्रवारी कुणीच अडलं नाही. बावीस मुलं गप्प खेळत होती, एका हाताने नाक दाबून.

"मॅडम, बास मारते याच्यातून," पहिल्या बाकावरची कोकिळा म्हणाली. पण टॅबलेट काही तिने खाली ठेवला नाही.

मी वाकले. सडून पाणी सुटलेल्या केळ्यांचा वास, त्यात ओकारीचा आंबटपणा. पडद्यावर सहावा कप्पा होता. आम्ही पाचच केले होते. तिथे काहीतरी पांढुरकं, ओलं, आकसत आणि फुगत होतं.

"हे तू काढलंस?"

"नाही." नंदकुमारने तोंडावर रुमाल धरला होता.

मी त्यावर बोट टेकवलं. मऊ लागलं. उचललं तर काचेपासून बोटापर्यंत चिकट तार ओढली गेली. नळावर तीनदा हात धुतला, तरी वास नखात राहिला.

शनिवारी सगळा कोड ओळ न् ओळ वाचला. सहावा कप्पा कुठेच नव्हता. तरी खेळ साइटवरून काढला, वर्गातले टॅबलेट कोरे केले. पण तोवर खकनार, नेपानगर, आणखी कुठकुठल्या शाळांनी तो उतरवून घेतला होता. सगळ्यांना मेल केले. सगळीकडून उत्तर एकच आलं: "मुलं सोडतच नाहीत. बंद कशाला करता?"

दोन आठवड्यांनी सुलभा मॅडमचा फोन आला.

"मालती मॅडम, दुपारचं जेवण तसंच उरतं हो. पोरं म्हणतात, पोट भरलंय."

"कधीपासून?"

"दहा-बारा दिवस झाले. घरी पण खात नाहीत."

"दवाखान्यात न्या त्यांना. आजच."

"मी पण घाबरली होती," त्या हसल्या. "पण काल वजनं केली ना. सगळ्यांची वाढलीत."