तिसऱ्या मजल्यावरची मागणी

तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या चौकात तिने खुर्ची टेकवली आणि त्याच खुर्चीत बसून घेतलं. लिफ्ट बंद होती. खुर्चीला पाच चाकं होती, पण जिन्यावर चाकांचा काय उपयोग? ज्या ऑफिसला दाखवायला ती एवढी वर आणली, त्याच्या दाराला कुलूप होतं. पाटीच्या जागी नुसते चार खिळे उरले होते.

खालून पावलं वाजली. काखेत कागदांच्या लांब गुंडाळ्या धरलेला एक तरुण वर आला आणि थबकला. खुर्चीने चौक पुरता अडवला होता.

"मला समोरच्या दारातून घरी जायचंय," तो म्हणाला. "पण तुमचं ऑफिस सुरू असेल तर नंतर येतो."

"इथली माणसं कुठे गेली?"

"आपापल्या घरी. आता तिथूनच काम करतात म्हणे. तुम्ही त्यांच्याकडे आला होतात, की सहज बसायला?"

"खुर्ची दाखवायला आणली होती."

"दिसली की. चांगली आहे. तुम्हाला शोभतेय."

ती इतक्या घाईने उठली की खुर्ची मागे सरकली आणि गडगडत जिन्याच्या तोंडाशी गेली. दोघांनी एकदमच झेप घेतली. खुर्ची हाती लागली, पण तिच्या हातावर त्याचा हात पडला. तो त्याने लगेच काढला... म्हणजे, लगेच म्हणता येईल इतक्या वेळाने.

तिला कारखान्यात सगळे फुटपट्टी म्हणत. उंच, ताठ आणि मापाला पक्की, म्हणून मुख्य मिस्त्रींनी ठेवलेलं हे नाव. कारखाना तिच्या आत्याचा. तिथे तीस वर्षं ऑफिसची टेबलं, कपाटं, खुर्च्या होत होत्या. पूर्वी साहेब जेवढा मोठा तेवढं त्याचं टेबल मोठं, असा सरळ हिशेब होता. मग फायली गेल्या, तशी फायलींची कपाटंही गेली. संगणकांचे पडदे पातळ झाले, टेबलं अरुंद झाली. कुठे दहा माणसांत सहाच टेबलं, जो आधी येईल तो बसेल. कुठे उभं राहून काम करायची टूम. आणि आता अर्धी माणसं घरीच. त्यांना हवं तरी काय, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

आत्याच्या मागच्या शेडमध्ये तीन वर्षं वाळवलेल्या लांबरुंद फळ्या रचून ठेवल्या होत्या. मोठ्या टेबलांसाठी घेतलेल्या. त्या कापून छोटी टेबलं करायची की तशाच ठेवायच्या? एकदा करवत फिरली की फळी पुन्हा लांब होत नाही. म्हणून आत्याने भाचीच्या हातात वही दिली होती. "इमारती फिर. माणसांना चिठ्ठ्या भरायला दे. काम काय, किती तास बसता, दुखतं काय, हवं काय. चार प्रश्न. तू आणशील त्यावर मी लाकूड कापणार."

नियमही साधा होता. एका इमारतीत एकदा जाऊन चिठ्ठ्या वाटायच्या, आठ दिवसांनी एकदा जाऊन गोळा करायच्या. गरज वाटली तर नमुन्याची खुर्ची तेवढे दिवस ठेवायची.

समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. "भावजी, जिन्यात खुर्च्या कधीपासून मांडायला लागलात?"

"वहिनी, या विकायला आल्यात. मी नुसतं धरलंय."

"काय धरलंय ते दिसतंय. अगं, आत ये. याला काहीतरी बसायला दे बाई, म्हणजे माझं मशीन सुटेल."

आत गेल्यावर उलगडा झाला. तो घरांचे नकाशे काढायचा. त्याच्या कचेरीनेही त्याला घरी धाडलं होतं, आणि वहिनींच्या शिवणयंत्रावर फळी टाकून त्याने आपला संसार मांडला होता. वहिनी शिवायला बसल्या की याचं ऑफिस बंद. बसायला एक स्टूल होतं, तेही एका बाजूला कललेलं.

"तुमच्या पाठीचं वाटोळं होईल," ती म्हणाली. "बसा. मोजते."

खुर्ची कशी मोजतात, ठाऊक आहे? माणसाला बसवून पाऊल सपाट टेकवायचं आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत टेप धरायचा. तेवढी बैठकीची उंची. मग कोपर वाकवून जमीन ते कोपर. तेवढी टेबलाची उंची.

"गुदगुल्या होतायत."

"हलू नका. सत्तेचाळीस."

"जास्त आहेत का?"

"जेवढे आहेत तेवढे आहेत."

"तुम्ही सगळ्यांनाच इतकं जवळून मोजता?"

"टेप लांबून वाचता येत नाही," ती म्हणाली. आकडा वहीत लिहिताना मात्र तिने चौऱ्याहत्तर लिहिले आणि खोडून सत्तेचाळीस केले. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

नमुन्याची खुर्ची तिथे ठेवून ती निघाली, आणि इथून पुढे त्या इमारतीत मागणी वाढायला लागली.

आधी वहिनींची चिठ्ठी आली. मग पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांची. मग कोणा शिकवणीवाल्या बाईंची. दर दोन-तीन दिवसांनी कारखान्यात निरोप यायचा की त्या इमारतीत आणखी एक चिठ्ठी भरलीय, येऊन घेऊन जा. बाकीच्या इमारतींच्या चिठ्ठ्या टपालाने आल्या तरी तिला चालत. इथे मात्र ती स्वतः जायची. आणि ती गेली की हा हटकून जिन्यात. कधी खुर्ची खाली न्यायला, कधी वर आणायला.

"ही डावीकडे कुरकुरते," तो सांगायचा.

"बसल्यावर?"

"नाही, मी उठल्यावर. तिला करमत नसावं."

"मी 'कुरकुर नाही' असं लिहिते."

"लिहा. पण दुसरी खुर्ची आणून बघायला काय हरकत आहे?"

एकदा बारीक पाऊस होता. खुर्चीला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, पण तिला काहीच नव्हतं. त्याने नकाशाची एक मोठी गुंडाळी उलगडून तिच्या डोक्यावर धरली. कागदावर थेंब टपटपत होते, आणि कोणाच्या तरी घराचं स्वयंपाकघर भिजून विरघळत होतं.

"अहो, नकाशा..."

"जुना आहे," तो म्हणाला. तो जुना नव्हता.

हे काय चाललंय, ते तिला कळेना. त्या इमारतीत जायचं असलं की ती दोनदा केस विंचरायची. तो हसला की का हसला याचा विचार करत बसायची, नाही हसला तर जास्तच. हा माणूस थट्टेखोर आहे, सगळ्यांशीच असा बोलत असेल. की नसेल? तिच्या चार प्रश्नांत हा प्रश्न कुठे बसत नव्हता. दुखतं काय? सांगता येत नाही. हवं काय? तेही नाही.

महिनाअखेर तिने वही मांडली. सोळा बिऱ्हाडांच्या त्या एका इमारतीतून नऊ चिठ्ठ्या! इतर कुठल्याच इमारतीतून दोन-तीनच्या वर नव्हत्या.

"म्हणजे लाट आहे," आत्या म्हणाली. "आज तिथे, उद्या सगळीकडे. भिंतीला लागणारी छोटी टेबलं करायची. सोमवारी सगळं लाकूड कापायला घेऊ."

"सगळं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पोरीने मोजलंय ना."

शनिवारी ती हेडमास्तरांकडे गेली. त्यांनी 'हवं काय' या रकान्यात नुसतं 'टेबल' लिहिलं होतं. माप राहिलं होतं.

"बसा, कोपर मोजायचंय," ती म्हणाली.

"माझं? मला कशाला टेबल?" हेडमास्तर चकित झाले. "वाचतो मी आडवा पडून."

"पण तुम्ही चिठ्ठी भरलीत."

"तिसऱ्या मजल्यावरच्याने भरून घेतली. म्हणाला, काका, दोन ओळी लिहून द्या, म्हणजे त्या पुन्हा येतील. चांगल्या कामाला मी नाही म्हणत नाही." ते चष्म्यावरून बघत राहिले. "त्या म्हणजे तुम्हीच का?"

ती जिन्यात आली. आधी तिला हसू आलं. इतकं, की कठडा धरावा लागला. आणि मग शेडमधल्या फळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि हसू जागच्या जागी गोठलं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"नऊपैकी किती तुम्ही लिहवून घेतल्यात?"

त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. "पाच," तो म्हणाला. मग बोटांवर पुन्हा मोजून, "सहा. शिकवणीवाल्या बाईंना आधी नको होतं, मी फार सांगितल्यावर हवं झालं. त्यांचं नक्की सांगता येत नाही."

"का केलंत असं?"

"तुम्ही आठ दिवसांनी एकदाच येणार म्हणालात. आठ दिवस फार होतात." तो पहिल्यांदाच थट्टेवाचून बोलत होता. "मला वाटलं, हे कागद कुठल्यातरी खणात जाऊन पडतात. आमच्याकडचे तसेच पडतात."

"आमच्याकडचे करवतीखाली जातात. माझ्या आत्याने तीन वर्षं सांभाळलेलं लाकूड परवा कापलं जाणार आहे. तुमच्या आठ दिवसांपायी."

तो उठला. "मी येतो. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही काय सांगणार?"

"खरं काय ते."

"ते मलाच सांगायला हवं," ती म्हणाली आणि उतरली. अर्ध्या जिन्यात तिच्या लक्षात आलं, की आपण रागावलोय हे खरं. पण आठ दिवस फार होतात, हे वाक्य आपण मनात तीनदा म्हटलं, हेही खरंच. एकाच वेळी दोन्ही खरं कसं असतं?

आत्या रंधा मारलेल्या कडेवरून बोट फिरवत होती. मिस्त्री बाजूला करवतीला धार लावत होते. तिने सगळं सांगून टाकलं. हेडमास्तर, शिकवणीवाल्या बाई, पाच की सहा, सगळं. आणि ते सांगून झाल्यावर, कोणी विचारलं नसताना, म्हणाली, "चूक त्याचीच नाही. नियम एकदा वाटायचं, एकदा गोळा करायचं असा होता. मी अकरा वेळा गेले. एकाच इमारतीत एवढी मागणी कशी, असा संशय मला यायला हवा होता. आला नाही, कारण... मला तिथे जायचं होतं."

करवतीचा आवाज थांबला.

"माझा स्वतःपेक्षा तुझ्या आकड्यावर जास्त विश्वास होता," आत्या म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "वही दे."

तिने वही दिली. आत्याने ती मिस्त्रींपुढे धरली. "त्या इमारतीत पुन्हा तुम्ही जा. सगळ्यांना नव्याने विचारा."

"मी?" मिस्त्री म्हणाले. "मला बघून माणसं दार लावून घेतात."

"म्हणूनच. तुम्हाला बघूनही ज्याला टेबल हवं असेल, त्याला ते खरंच हवं आहे."

सोमवारी करवत बंद राहिली. मिस्त्री सकाळीच गेले. ती दिवसभर खिळ्यांचे डबे लावत बसली. मोठे खिळे छोट्यांत आणि छोटे मोठ्यांत गेले. दुपार कलल्यावर मिस्त्री परतले, पाणी प्यायले, आणि वही दूर धरून सपाट आवाजात वाचू लागले.

"सोळा दारं वाजवली. तिघांनी उघडलं नाही. हेडमास्तरांना टेबल नको, मलाच बसवून घेत होते. शिकवणीवाल्या बाईंना हवं, दोन. आता खरंच हवं म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर एक हिशेबनीस आहे, त्याला एक. वहिनीबाईंना दिराला बसवायला एक, मशीन मोकळं करा म्हणाल्या. झाली चार टेबलं."

"म्हणजे लाट नाही, पण ओल आहे," आत्या म्हणाली. "निम्म्याहून कमी लाकूड कापू. बाकीचं राहू दे. पुढच्या वर्षी बघू माणसं कुठे बसतात ते."

तिने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला.

"अजून एक आहे," मिस्त्री म्हणाले. "तो नकाशेवाला. त्याला मी चारही प्रश्न विचारले. दुखतं काय, तर म्हणाला, शनिवारपासून सगळंच. हवं काय, तर म्हणाला, वहिनी सांगतायत ते नको, दोन माणसं शेजारी बसतील एवढं लांब करा. एकाचं माप तुमच्याकडे आहे. दुसरं माणूस बसायला तयार आहे की नाही, ते तुम्हीच विचारून या." मिस्त्रींनी वही मिटली. "हे असलं मी लिहून घेतलं नाही. आमच्या कामात बसत नाही."

कारखान्यात सगळे आपापलं काम फार मन लावून करू लागले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आत्या, मी..."

"वही माझ्याकडे राहील," आत्या म्हणाली. "मोजणी आता मिस्त्री करतील. तुला खिळ्यांचे डबे पुन्हा लावायचेत, ते उद्या लाव. जा आता."

जिने चढताना तिचे हात रिकामे होते. ना वही, ना टेप, ना खुर्ची. हातांचं काय करावं ते तिला सुचेना. तिसऱ्या मजल्यावर तिने बेल वाजवली आणि तेवढ्यात परत फिरावंसं वाटलं, पण दार उघडलं गेलं होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या मागे, जिन्याकडे. "मिस्त्री आलेत का?"

"नाही."

"खुर्ची न्यायला आलात?"

"नाही."

"रागावलात अजून?"

"हो."

"मग... आज कशासाठी?"

वाटेत तिने चांगली तीन उत्तरं तयार केली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं सांगता येतं मला. किती बसतं, कुठे दुखतं, काय हवं. माझंच मला लिहिता येत नाहीये. पण आठ दिवस... मलाही फारच होतात."

आतून वहिनींचं मशीन चालू होतं, म्हणजे त्याचं ऑफिस बंद होतं, आणि बसायला घरात ती एक खुर्ची आणि ते कललेलं स्टूल. त्याने खुर्ची पुढे केली. तिने ती त्याच्याकडे परत सरकवली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

"हे पडेल," तो म्हणाला.

"तुम्ही धराल," ती म्हणाली.