गोड्या पाण्याचं पिंप

होडीचं पेट्रोल मशीन किती वर्षं टिकतं? रोज गोड्या पाण्याने धुतलं तर बारा-पंधरा. नाही धुतलं तर पाच-सहा. खारं पाणी आतून खातं. बोरिवलीत, गोराईच्या धक्क्याला लागून माझं गॅरेज आहे. जुनं मशीन आलं की नळाच्या पाण्याने भरलेल्या पिंपावर टांगतो, चालवतो, मग बोलतो.

खाडीपलीकडच्या मार्कसने आणलेलं मशीन त्याच्या शेजारच्या युस्टेसचं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात युस्टेसची होडी खाडीतून एकटीच परत आली होती. मशीन चालू. पुढे वर्षभर ते त्याच्या बायकोच्या, व्हायोलेटच्या पडवीत पडून होतं.

"पेट्रिशियाचे दिवस भरलेत," मार्कस म्हणाला. "हॉस्पिटल इकडे, आम्ही पलीकडे. बायकोला घेऊन निघालो आणि मध्येच बंद पडलं तर वाट लागेल रे, सहदेव."

दोरी एकदाच ओढली. सुरू.

उघडून पाहिलं. आत गंजाचा ठिपका नाही.

असं होत नाही.

पिंपातलं पाणी चाखलं. खारट. नळ्यांत जुनं मीठ असेल. पाणी बदललं, पुन्हा चालवलं. खारट. पुन्हा बदललं.

"बाप्तिस्मा करतोयस काय त्याचा?"

"दोन दिवस ठेव इथे."

"पोर थांबेल का दोन दिवस? चालेल की नाही, तेवढं बोल."

पाणी खारट लागतं म्हणून मशीन कोण नाकारतं?

"चालेल," मी म्हणालो. "तुझं पोरसुद्धा चालवेल."

तो घेऊन गेला. पिंप ओतायचं राहिलं.

राहिलं नाही. टाळलं.

सकाळी पिंप अर्धं. भोक नाही, खालची जमीन कोरडी. दुपारी काठोकाठ. मी खाडीकडे पाहिलं.

भरती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पिंपाचा तळ दिसला. काळा चिखल, खाडीतला. त्यात एक मोठं अनवाणी पाऊल. अंगठा नसलेलं.

मार्कसला थांबवायला म्हणून शर्ट चढवला, तर दारात व्हायोलेट.

"पेट्रिशियाला कळा सुरू झाल्या. दोघं निघतायत. मी फेरीबोटीने पुढे आले, रिक्षा बघायला."

"मशीन?"

"युस्टेसच्या हातात चालायचं ना, तस्संच."

मी पिंपाकडे बोट केलं. ती वाकली.

"अंगठा त्याचा या मशीनच्याच पंख्याने नेलेला," ती हळूच म्हणाली.

खाडीवरून आवाज आला. एकसारखा, कुठेही न अडखळणारा. जवळ आला. धक्क्याला लागताना मशीन बंद करतात. आम्ही वाट पाहत राहिलो.

बंद झालं नाही.

पिंपात पाणी चढू लागलं. त्याआधी दिसलं ते एवढंच. मोठ्या पावलाच्या बाजूला चपलांच्या ठशांचे दोन जोड.

आणि त्यांच्या मधोमध, बोटाएवढं, एक अनवाणी पाऊल.