वाटी रिकामी देत नाहीत

आरतीने वाफेचं मशीन शेजारून उसनं आणलं ते नाइलाजाने. तिची चार वर्षांची संस्कृती सकाळपासून धापा टाकत होती, छातीत शीळ वाजत होती. जामखेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "नेब्युलायझर घरीच ठेवा. पण मास्क तिच्या मापाचा, नवा घ्या. दुसऱ्याचा लावू नका." दोन्ही आणायला तिचा नवरा, कल्याण, नगरला गेला होता. तो येईपर्यंत पोरीने दम कसा धरायचा?

शेजारच्या झुंबरबाईंनी फळीवरचा मशीनचा खोका काढून दिला. "नातवासाठी घेतल्यालं," त्या म्हणाल्या. "ऊसतोडीला गेल्तो आमी. खोपीत लाईटच न्हवती, बाई. आमचा अंगद मशीनकडं बघत बघतच गेला…"

आरती खोका घेऊन घरी आली. खोक्यातला मास्क तिने उकळत्या पाण्यातून काढला आणि डॉक्टरांचं बोलणं गुंडाळून ठेवून तोच लेकीच्या तोंडाला लावला. आईचा जीव, दुसरं काय करणार!

मशीन घरघरू लागलं. मास्कमध्ये पांढरी वाफ भरली अन् लगेच नाहीशी झाली, कुणी अधाशासारखी ओढून घ्यावी तशी. दवाखान्यात बराच वेळ पुरणारं औषध बघता बघता संपलं. छातीतली शीळ मात्र तशीच वाजत राहिली.

"नीट श्वास घे ना गं, बाळा…"

"मला कुटं मिळतंय?" पोर रडवेली झाली. "समदं दादाच घेतोय."

घरात दादा म्हणावं असं कुणी नव्हतं. आरतीने मास्क ओढून काढला, खोक्यात कोंबला आणि पोरीला कवटाळून उंबऱ्यात बसून राहिली.

संध्याकाळी कल्याण नवं मशीन, नवा मास्क घेऊन आला. औषध तेच, पण या खेपेला वाफ सावकाश आत गेली, शीळ विरत गेली. पोरीने आपणहून दूध-भाकरी मागितली, तेव्हा आरती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने खोका परत नेला. उसनी वस्तू तशीच कशी द्यायची, म्हणून वर साखरेची वाटी. दादाचं मात्र बोलली नाही. त्या म्हातारीला काय म्हणून सांगायचं? झुंबरबाईंनी खोका छातीशी धरला. "वाटी ऱ्हाऊ दे. मी आनून देते."

दुपारी लाईट गेली आणि त्या आल्या. वाटीवर धुतलेलं फडकं होतं.

"आमच्यात बी वाटी रिकामी देत न्हाईत, आरती. माज्याकडं दुसरं काय हाय द्यायला?" एवढं बोलून त्या वळल्यासुद्धा.

आरतीने फडकं उचललं. वाटीत अंगदचा मास्क होता, पुसून कोरडा केलेला. नवं मशीन टेबलावर बंद पडून होतं. ती फडकं पुन्हा झाकणार, एवढ्यात मास्क आतून धुरकटला. निवळला. पुन्हा धुरकटला… भरभर, धाप लागलेल्या पोराच्या श्वासासारखा.

मागे खाटेवर संस्कृतीच्या छातीत शीळ वाजू लागली.

"आई," ती हळूच म्हणाली, "लाईट कवा येनार?… दादा इचारतोय."