मागचा भात

रविवारी दुपारी बाबांना जेवायला घेऊन जाणं हे माझ्या आठवड्यातलं शेवटचं काम असायचं. आठवडाभर मी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत हिंडतो. काटा खरं बोलतोय की खोटं, ते पाहायचं आणि शिक्का मारायचा. शनिवार उजाडेपर्यंत पाय इतके भरून येतात की जिना चढताना कठडा धरावा लागतो. त्यात घरी बाबा. आई गेल्यापासून त्यांनी अन्नच टाकलं होतं म्हणा ना. माझी बायको ताट वाढायची, ते घासभर भात चिवडायचे आणि "पोट भरलं गं" म्हणून हात धुवायचे. गालांची हाडं वर आली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर ते फार काळ काढणार नाहीत. काहीही करा, पण त्यांना जेवू घाला." काय करू ते मात्र सांगितलं नाही.

मग एके दिवशी बाबाच म्हणाले, "मला तिथे ने."

तिथे म्हणजे बाजारामागच्या गल्लीतली जुनी खाणावळ. घरच्यासारखं साधं, सगळं रीतसर वाढलेलं जेवण मिळतं. दगडी टेबलं, लाकडी खुर्च्या, कोपऱ्यात बेसिन आणि कुरकुरणारा पंखा. आई-बाबा दर रविवारी तिथे जायचे. जन्मभर सगळ्यांना वाढून मागाहून जेवलेली आई तिथे बाबांसमोर बसून जेवायची, अगदी सावकाश. बाबांचं केव्हाच आटपलेलं असे. पण बरोबर बसलेल्याचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा नियम होता. लहानपणी मी तो मोडला की पाठीत धपाटा बसे. आईसाठी ते उष्टा हात वाळवत बसून राहायचे आणि ताटात उरलेल्या वरणात बोटाने रेघा ओढायचे. आई हसून म्हणायची, "ताटाला भोक पडेल हो."

तिथेच जेवता जेवता ती एका बाजूला कलली. आधी वरणभात, मग पोळी आणि शेवटी ताक घालून मागचा भात, असा तिथला क्रम. आई पोळीपर्यंतच पोचली होती. मागचा भात तिने घेतलाच नाही. दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

बाबांना घेऊन मी तिथे गेलो तेव्हा भिंतीकडचं तेच टेबल रिकामं होतं. म्हातारा वाढपी आला. त्याने बाबांकडे पाहून मान हलवली आणि तीन ताटं मांडली.

"दोघंच आहोत," मी म्हणालो.

"राहू दे," बाबा म्हणाले.

आमच्या दोघांच्या ताटांत त्याने मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाजी, वरणभात असं रीतीने वाढलं. तिसऱ्या ताटात मात्र अर्धी पोळी ठेवली, कडेला जराशी भाजी, पिळलेल्या लिंबाची फोड.

माझं डोकंच फिरलं. "ही काय थट्टा लावलीय?"

"बाई उठल्या तेव्हा एवढंच उरलं होतं ना, साहेब," तो हळूच म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

मी उठणारच होतो. पण बाबा जेवायला लागले होते. वरणभात कालवून, भाजी तोंडी लावून, चावून चावून. कोशिंबीर मागून घेतली. मला रडूच यायला लागलं. म्हटलं, वाढप्याला वेड लागलेलं असो नाहीतर काही असो, म्हातारा जेवतोय ना! मीही भातावर लिंबू पिळलं.

तेव्हापासून दर रविवार तिथेच. बाबांच्या अंगावर जरा मांस धरलं. तिसऱ्या ताटाकडे मी बघायचं टाळत असे, पण सवय वाईट. दिवसभर पारड्याकडे बघणाऱ्या माणसाला कमी झालेलं लगेच कळतं. अर्ध्या पोळीची चतकोर झाली. भाजी ओसरली. बाबा उचलत असतील म्हणून मी त्यांच्या हातावर नजर ठेवली. त्यांचा हात त्यांच्या ताटाबाहेर गेला नाही. मग एका रविवारी त्या ताटात पोळी नव्हतीच. वाढप्याने तिथे भाताची छोटी मूद ठेवली आणि वर ताक ओतलं.

मागचा भात.

"बाबा," मी विचारलं, "हे संपलं की काय?"

"संपलं की उठायचं," ते सहज म्हणाले. "मागच्या वेळी ती एकटीच उठली. तिला पुन्हा एकटीला कसं उठू द्यायचं?"

त्या रात्री मी बायकोला म्हटलं, "यापुढे तिथे जायचं नाही." पुढच्या रविवारी आम्ही घरीच राहिलो. बाबांनी पाण्याशिवाय कशाला स्पर्श केला नाही, आणि आठवडाभर तेच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. इकडे आड, तिकडे विहीर. मी इतका दमलो होतो की मला काही सुचेना. शेवटी बायकोच म्हणाली, "घेऊन जा त्यांना. निदान जेवतात तरी."

आम्ही गेलो. तिसऱ्या ताटात जेमतेम दोन घास भात होता.

मला एकच उपाय सुचला. आपल्याकडे भरल्या पोटीही माणसाला उठू देत नाहीत. "घ्या हो, एवढासा घ्या" म्हणत वाढत राहतात. मी वाढप्याला खुणेने बोलावलं आणि तिसऱ्या ताटाकडे बोट केलं.

"त्यांना भात वाढा."

वाढपी जागचा हलला नाही. "आग्रह करू नये, साहेब."

"वाढा म्हणतो ना! चांगला डावभर वाढा. संपला की पुन्हा वाढा."

त्याने डाव भरला, ताटावर धरला आणि उलटा केला.

भात ताटात पडला नाही.

ताटाच्या वर, चारेक बोटांवर, तो कशावर तरी थांबला. जरा वेळ तिथेच राहिला. मग दोन्ही बाजूंनी घरंगळला आणि टेबलावर सांडला. कुणी ताटावर आडवा हात धरावा, तसा.

"नको म्हणतायत," वाढपी म्हणाला. त्याने फडक्याने शितं गोळा केली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं ताट स्वच्छ होतं. ते वरणाच्या ओलीत रेघा ओढत होते आणि समोर बघून हसत होते. आई गेल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या ताटात एक घास उरला होता.

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला. घास नव्हता.

"तू सावकाश जेव हं, बाळ्या," बाबा म्हणाले.

समोरची रिकामी खुर्ची मागे सरकली.

बाबांचं डोकं भिंतीला टेकलं. बोट तसंच ताटात होतं. मी ताट टाकून उठलो, त्यांचे खांदे धरून हाका मारल्या. नंतर लोक जमले, कुणीतरी गाडी बोलावली. आपण जेवता जेवता उठलो, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

सगळं पार पडलं. लोक म्हणाले, भाग्यवान, भरल्या पोटी गेले. मी पुन्हा कामाला लागलो. पण तोंडाची चवच गेली. बायको नाना परींचं करून वाढते, मी घासभर चिवडतो आणि पोट भरलं म्हणतो. मी तसं म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहते. पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली आहेत. डॉक्टर म्हणतात, काही नाही, मनाचं आहे.

आज त्याच गल्लीतल्या किराणा दुकानात काटा तपासायचा होता. काम झालं, बाहेर आलो, आणि समोरून भाताचा वास आला. पोटात असा खड्डा पडला की मी दुकानाच्या खांबाला धरून उभा राहिलो. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

खाणावळीच्या दारात वाढपी उभा होता.

"या, साहेब," तो म्हणाला. "तुमचंच राहिलंय."

मी काचेतून आत पाहिलं. भिंतीकडच्या टेबलावर तीन ताटं होती. एकात मी मोडलेली पोळी होती, मी अर्धवट खाल्लेली भाजी, आणि मी उठलो तेव्हा होता तेवढाच भात. त्यातून वाफ येत होती.

दुसरी दोन ताटं रिकामी होती. एकात वरणाच्या ओलीत बोटाने ओढलेल्या रेघा होत्या. पुष्कळ होत्या. शेवटची अजून अर्धीच होती, आणि ती हळूहळू माझ्या बाजूला लांबत होती.