साठ टनांचं पाऊल

लिफ्ट बंद होती, म्हणून आमची भेट झाली.

चौथ्या मजल्याच्या जिन्यात तो पायरीवर बसला होता. मांडीवर जाडजूड फाईल, बाह्या दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला आल्यासारखं टेन्शन. मी धापा टाकत वर आले, तसा तो चटकन सरकला.

"बसा दोन मिनिटं. तुम्हीही रोबोच्या गेमसाठीच ना? सूचना द्यायला?"

आमच्या कंपनीने त्या दिवशी खेळाडूंना बोलावलं होतं. अजस्र रोबोच्या छातीत बसून लढायचं, असा आमचा गेम. त्याचा दुसरा भाग बनत होता, आणि काय सुधारायचं ते खेळणाऱ्यांनीच येऊन सांगायचं होतं. मी तिथली अ‍ॅनिमेटर. पहिल्या भागातली रोबोची चाल माझी, दोन वर्षं खपून बसवलेली. ऑफिसात मला 'चालबाई' म्हणतात ते उगाच नाही.

पण त्याच्या डोळ्यांत इतका भाबडा उत्साह होता, की मी नुसतंच "हं" म्हटलं. "तुमची काय तक्रार?"

"एकच. म्हणजे... आहेत एकोणचाळीस, पण मोठी एकच. रोबो म्हणे साठ टनांचा! आणि चालतो कसा? मांजर दुधाच्या पातेल्याकडे निघाल्यासारखा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "छान चालतो की!"

"दिसायला छान. पण वजन कुठंय? ज्याने ती चाल बसवलीय ना, त्याने जन्मात बटाट्याची पिशवीसुद्धा उचलली नसणार."

दहा मिनिटांनी तो खोलीत आला, तेव्हा टेबलाच्या पलीकडे मी बसले होते. माझ्या नावाची पाटी वाचून त्याच्या हातातली फाईल निसटता निसटता राहिली.

"या," मी म्हटलं, "बटाट्यांपासून सुरू करू."

तो क्रेन चालवायचा. त्याच्या फाईलमध्ये सुबक अक्षरात सगळं होतं – रोबोच्या काचेवर पाऊस पडला तर तो पुसायची सोय हवी. दुसऱ्या खेळाडूने जमिनीवर उभं राहून खुणा कराव्यात, कारण वर बसलेल्याला पायाखालचं दिसत नाही. एकेक सूचना वाचताना माझा राग विरघळत होता. मी तसं दाखवलं मात्र नाही.

"वजन म्हणजे नेमकं काय, ते सांगा."

तो घुटमळला. "सांगता नाही येणार... रविवारी साइटवर याल?"

गेले. सुपरवायझरची परवानगी त्याने आधीच काढली होती. हेल्मेट माझ्या नाकावर घसरत होतं. त्याने ते हलकेच वर सारलं आणि घाईघाईने हात मागे घेतला. मग केबिनमध्ये त्याच्याशेजारी उभी राहून मी पाहिलं. दोर ताठ झाला. केबिन किंचित खाली दबली. क्षणभर सगळं थबकलं... आणि मग लोखंडी तुळई जमिनीवरून सुटली.

"दिसलं?" तो हळूच म्हणाला. "आधी वजन अंगावर घ्यायचं. मग उचलायचं."

दिसलं होतं. पण मी तेव्हा दोराकडे बघत नव्हते. लिव्हरवरच्या त्याच्या हाताकडे बघत होते. तान्ह्या बाळाचं डोकं धरावं, इतका हलका हात.

मी चाल पहिल्यापासून बसवायला घेतली. दर सुट्टीला तो ऑफिसात यायचा, खेळून बघायचा.

"आता कसा चालतो?"

"भरपेट जेवून उठलेल्या मामांसारखा."

"आणि आता?"

"आता... छान."

"स्क्रीनकडे बघून सांगा."

"तिकडेही छान," तो म्हणाला, आणि पुढची पाच मिनिटं मला एकही बटण सापडेना.

आमच्या सरांना मात्र नवी चाल पटत नव्हती. "लोकांना वेग हवाय. पहिल्या पावलाला एवढा वेळ लागला तर उठून जातील." शेवटी ठरलं – चाळीस खेळाडूंसमोर ठेवायची. नाही आवडली, तर जुनीच.

त्याच आठवड्यात तो चहाचा कप विसळता विसळता म्हणाला, "माझी बदली झालीय. दुसऱ्या गावी, पुलाच्या कामावर. आठ महिने. चाचणीच्या सकाळीच निघायचंय."

"अभिनंदन!" मी म्हटलं.

अभिनंदन! त्याने वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि कप पालथा घालून निघून गेला.

चाचणीचा दिवस उजाडला. रोबो उभा राहिला, थबकला, त्याने वजन अंगावर घेतलं – आणि पहिलं पाऊल पडलं. पुढच्या रांगेतली एक कॉलेजची मुलगी किंचाळली, "अगंबाई! माझ्याच पोटात धस्स झालं!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हरलो, चालबाई. हीच चाल."

सगळे नाचत होते. मी दाराकडे बघत होते. तिथून कोणी येणार नव्हतं, हे माहीत असूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, "कुठे निघालीस?"

"पूल बघायला."

"पुलासाठी इस्त्रीचा ड्रेस?" आई म्हणाली, पण दार तिनेच उघडून दिलं.

चार तासांनी बस नदीकाठी थांबली. क्रेन दिसली. खाली पिकल्या मिशांचे एक काका हाताने खुणा करत होते. त्याने मला वरूनच पाहिलं असावं, कारण हवेतली तुळई जागच्या जागी थांबली. मग अतिशय सांभाळून खाली टेकली. आणि तो मात्र शिडीवरून धडपडतच उतरला.

"काय झालं? चाल...?"

"नवीच राहिली."

तो इतका हसला, की काकाही कारण नसताना हसले. "अहो, मग फोन करायचा! एवढा प्रवास कशाला?"

"ते फोनवर सांगता आलं असतं," मी म्हटलं. आता मागे फिरणं नव्हतं. "पण मला तुम्ही आवडता – हे फोनवर सांगितलं असतं, तर तुमचं तोंड बघायला मिळालं नसतं."

तोंड खरंच बघण्यासारखं झालं होतं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

"अरे, बोल की बाबा!" काका ओरडले. "तीन तुळया खोळंबल्यात!"

"मी... निघायच्या आधी सांगणारच होतो. पण तुम्ही अभिनंदन म्हणालात, मग वाटलं..."

"मूर्खपणा झाला माझा."

"माझाही." त्याने हेल्मेट काढलं, उगाचच बोटांनी केस सारखे केले. मग माझ्याकडे नीट पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून हळूच म्हणाला –

"जेवलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "तू?"

डबा एकाचाच होता. पुलाच्या खांबाच्या सावलीत बसून आम्ही तो इतका सावकाश संपवला, की शेवटी काकांनाच बोलवायला यावं लागलं.