एका माणसाला एकच दिवा

हे कुणाला सांगायचं नाही, असं वचन छायानं माझ्याकडून गळ्याला हात लावून घेतलं होतं. लिहायचं नाही, असं मात्र ती म्हणाली नव्हती. म्हणून लिहिते. छाया म्हणजे आमच्या शेजारच्या मधुकर गुरुजींची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिच्या घरात जे झालं ते तिनं सांगितलं तसंच सांगते, पदरचं काही घालत नाही.

यंदा, शहाऐंशी साली, होळी झाली आणि चारच दिवसांनी आमच्या सौंसर गावात गारपीट झाली. रामाकोना गावाकडचे विजेचे खांब एका रांगेत आडवे पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईनमन भाऊराव सायकलवरून ओरडत गेला, "पंधरा दिवस लाईन नाई येनार व बाई! मेनबत्त्या घेऊन ठेवा!"

छायाची कुसुम आत्या दारात तांदूळ निवडत होती. "पंधरा दिवस? खांब पेरून राहिले काय बाप्पा वावरात, उगवाले इतके दिवस लागाले?"

"मले काहून बोलता बाई, मी काय गारा पाडल्या?" असं म्हणून भाऊरावानं पायडल मारलं.

आत्या तोंडानं फटकळ होती, पण तिच्या हाताला उरक मोठा. चार वर्षांपूर्वी छायाची आई तापानं गेली, तेव्हा ही विधवा नणंद आली आणि घर सांभाळू लागली. तिनं त्याच दिवशी तयारीला हात घातला. विजेची चक्की बंद, म्हणून डिझेलच्या चक्कीवर पहाटेपासून रांग लावून महिन्याभराचं पीठ दळून आणलं. नळ येणार नाहीत हे ओळखून विहिरीच्या रहाटाला नवा दोर चढवला. कंदिलांच्या काचा राखेनं घासल्या, वाती कातरीनं सारख्या केल्या, आणि काड्यापेट्या चुलीजवळ, देवळीत आणि उशाखाली अशा वेगवेगळ्या ठेवल्या. अंधारात हात जाईल तिथं काडी सापडली पाहिजे, हा तिचा नेम. गुरुजींनी घासलेटचा पाच लिटरचा डबा भरून आणला आणि स्वयंपाकघरात कोपऱ्यात ठेवला.

सगळं झालं. मग तिघंही एका गोष्टीपाशी येऊन अडखळली. मागच्या खोलीतला बल्ब.

तो झिरोचा लाल बल्ब होता. छायाची आई गेली तेव्हा त्या खोलीत रीतीप्रमाणे तिच्या नावाचा तेलाचा दिवा लावला होता. पण त्या खोलीला वारा फार. पहिल्याच संध्याकाळी दिवा दोनदा गेला आणि आत्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा गुरुजींनी दुकानातून हा बल्ब आणून त्याच जागी टांगला. "हा वाऱ्यानं जात नाही," म्हणाले. तेराव्या दिवसानंतर तेलाचा दिवा राहिला असता तर तेल संपून आपोआप गेला असता. बल्बाचं तसं नव्हतं. त्याचं बटण कुणीतरी दाबायला हवं होतं. गुरुजींनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं गुरुजींकडे, आणि दोघंही खोलीबाहेर आली. पुढे कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून गुरुजींनी बटणावर चिकटपट्टी लावली. तेव्हापासून चार वर्षं तो दिवसरात्र जळत होता.

छाया त्याच खोलीत अभ्यास करी. लाल उजेडात अक्षरं नीट दिसत नसत, तरी तिथंच बसे. हा आहे तोवर आई घरात आहे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तासाभरासाठी लाईन गेली तरी ती धावत जाऊन चिमणी लावी. आता पंधरा दिवस.

"इतक्या दिवसांचं तेल कुठून आनाचं?" आत्या म्हणाली. "राहू द्या ना आता. झाले चार वर्सं."

"मी कंदिलाशिवाय वाचीन," छाया पटकन म्हणाली. "पण तिथं चिमणी पाहिजे."

गुरुजींनी औषधाच्या बाटलीची एक चिमणी केली, तिच्यात तेल भरलं आणि बल्बाखाली पाटावर ठेवली. एकदा भरली की ती दिवसरात्र पुरे.

चौथ्या दिवशी गुरुजी परीक्षेच्या कामासाठी पांढुर्ण्याला गेले. घरात दोघीच उरल्या, आणि छायाच्या मनात पाल चुकचुकली. आत्याला हा दिवा नको आहे. दिवा गेला की बाबांचं दुसरं लग्न लावायला ती मोकळी. रामाकोन्याच्या कुठल्याशा प्रेमलताचं नाव तिनं मागे एकदा काढलंही होतं. म्हणून छाया आत्यावर डोळा ठेवू लागली. आत्या पाणी प्यायला उठली तरी ती मान वर करून पाही.

सकाळी चिमणी भरायचं काम छायाचं. पाचव्या सकाळी ती डबा घेऊन गेली तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली. वातीवरची काजळीसुद्धा कुणीतरी काढलेली. सहाव्या सकाळीही तसंच. छायाला वाटलं, आत्याचं मन पालटलं असावं. वरून बोलते, आतून हळवी आहे.

त्याच दुपारी आत्यानं डब्यात काडी बुडवून पाहिली आणि तिला हाक मारली.

"छाया, इकडं ये. रात्री वाचत बसते काय, चोरून?"

"नाही आत्या."

"मंग तेल कुठं चाललं? मी पाहून राहिली ना रोज. चिमणी-कंदिलाच्या हिशेबापरीस जास्त कमी होऊन राहिलं."

"तुम्हीच तर भरता चिमणीत…"

"मी?" आत्याच्या हातातली काडी तशीच राहिली. "मी कायले भरू? मी तर चार दिवस झाले त्या खोलीत पाय नाई टाकला."

आत्याला वाटलं पोरगी खोटं बोलते. छायाला वाटलं आत्या खोटं बोलते. छायानं त्या संध्याकाळी बाटलीवर, तेल होतं त्या रेघेवर, काळा दोरा घट्ट बांधला. तिला वाटलं कुणी पाहिलं नाही. मागे वळली तर आत्या दारात चाळणी घेऊन उभी.

"तू दोरा बांधला ना? बांध. मी बी पाहतो आता." आत्यानं उंबऱ्याच्या आत-बाहेर पीठ चाळलं, अगदी रांगोळीसारखं पातळ. "पाय तुया हाय का माया, सकाळी समजन."

एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. झोपताना तिनं आपल्या पदराचं टोक छायाच्या मनगटाला बांधलं. "आता उठशीन तर मले समजन, अन् मी उठीन तर तुले." छायाला हसू आलं, आणि थोडं बरंही वाटलं. आईनंतर तिच्या इतक्या जवळ कुणी झोपलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा गाठ तशीच होती. दोघी पदर-मनगटासकट उठल्या आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या. बाहेर लख्ख सकाळ होती, विहिरीवर रहाट कुरकुरत होता.

बाटली भरलेली होती. तेल दोऱ्याच्या बरंच वर चढलं होतं.

आणि पिठात पावलं होती. एक खोलीतून बाहेर पडलेलं, एक परत आत गेलेलं.

"पाह्य!" आत्या ओरडली. "पाह्य, लहान पाय हाय. तुयाच हाय!"

छायानं आपलं पाऊल त्या पावलाशेजारी पिठात टेकवलं. लांबी तीच. टाचेचा गोलही तोच. क्षणभर तिला स्वतःचाच संशय आला. झोपेत आपणच तर… पण मनगटाची गाठ?

मग आत्या खाली वाकली. फार वेळ वाकूनच राहिली.

"छाया," ती अगदी हळू म्हणाली, "अंगठ्याच्या बाजूचं बोट पाह्य…"

आत गेलेल्या पावलात, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, पिठात आडवी खाच उमटली होती. बारीक, अर्धगोल. जोडव्याची.

छायाला जोडवी मिळायला अजून किती वर्षं होती. आत्यानं आपली जोडवी नवऱ्याच्या तेराव्याला उतरवली होती. छायाची आई मात्र सवाष्ण गेली, जोडव्यांसकट.

आत्यानं झाडू घेतला नाही. ते पीठ तिनं हातानं गोळा केलं, चिमूट चिमूट, आणि ओंजळीत धरून तशीच उंबऱ्याशी बसली.

"आपल्याले वाटलं, आपन तिले घरात ठेवलं," ती म्हणाली. "ठेवलं नाई व पोरी. कामाले लावलं. चार वर्सं तो लाल गोळा सांभाळत बसली… आता तेल भरून राहिली. तिले कोनी सांगतलंच नाई, आता झालं म्हनून. जा म्हनून."

इतके दिवस छाया एकाच गोष्टीला घाबरत होती, की दिवा जाईल आणि आई जाईल. आता तिला वाटू लागलं की दिवा जात नाही, म्हणून आईला कुठं जाताच येत नाही. पण तो फुंकायचा कुणी? तिनं नाही फुंकला. आत्यानंही नाही. त्या दिवसापासून कुणी डब्याला हात लावला नाही, आणि चिमणी रोज सकाळी भरलेली असे.

नवव्या दिवशी गुरुजी परतले. आत्यानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं ते एवढंच, "पाऊल पुसलं का?"

अकराव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास गल्लीत एकदम कालवा उठला. "आली! आली!" सगळी पोरं ओरडत रस्त्यावर आली. कुणाचा तरी रेडिओ भसकन सुरू झाला. आणि मागच्या खोलीत, चिमणीच्या डोक्यावर, लाल बल्ब पेटला.

तिघंही दारात उभी होती. आत दोन दिवे जळत होते.

"मधुकर," आत्या म्हणाली, "एका माणसाले एकच दिवा लागते. दोन ठेवत नाई. दुसरा कोनाच्या नावाचा होईल, काय सांगाव…"

छाया पुढे झाली आणि चिमणीवर वाकली. गुरुजींनी तिचा खांदा धरला.

"फुंकू नको, बाळ. फुंकून कुणाला घालवत नाहीत."

त्यांनी नखानं बटणावरची चिकटपट्टी उचकटली. चार वर्षांत ती भिंतीला धरली होती, रंगासकट निघाली. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. खट. लाल उजेड गेला.

"चिमणीतलं तेल संपलं की ती आपली आपण जाईल," ते म्हणाले. "तशीच जायला पाहिजे होती. मीच आडवा आलो."

त्यांनी खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. घासलेटचा डबा घरात ठेवायचाच नाही असं ठरलं, म्हणून तो आमच्याकडे आणून दिला. आमच्याकडे गेल्या वर्षीच गॅस आला, घासलेट आम्ही वापरत नाही. माझ्या आईला वाटलं, त्यांच्याकडे जागेची अडचण असेल. तिनं तो न्हाणीत ठेवला आणि मांजर पाडू नये म्हणून झाकणावर जुना पाटा ठेवला.

चिमणीत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरेल एवढंच तेल होतं. आज सोळा दिवस झाले. छाया म्हणते, त्या दाराखालच्या फटीतून अजून पिवळा उजेड येतो. आवाज कसलाच नाही, पण दाराला नाक लावलं की नुकत्याच भरलेल्या घासलेटचा वास येतो. गुरुजी कुलूप काढायला तयार नाहीत. आत्यानं अन्न सोडल्यात जमा आहे. आज शनिवार, म्हणून तिघंही पहिल्या बसनं जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलीत. रात्रीशिवाय यायची नाहीत, घर बंद आहे.

मला राहवलं नाही. आज न्हाणीत गेले, दोन्ही हातांनी पाटा उतरवला, त्याच्यावरची धूळ कुठंच मोडलेली नव्हती, आणि डबा उचलून पाहिला, तर आतलं तेल

थांबते. आई हाक मारून राहिली आहे.

"अवं, कानात बोये घातले काय? मांगच्या दारी जा बरं जरा! शेजारून तेल मागाले आली हाय कोनी…"